गुबगुबीत उशा आणि आखूड गोधड्या

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात हल्ली वाकलो की सरळ व्हायला सूनबाईला हाक मारावी लागते, पण कागदावर वाकायला काय जातंय.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींची नवी कवळी तोंडात बसली का, की अजून खिशातच असते? तू मागच्या पत्रात विचारलंस की दुकानात कधीही फोन केला तरी मी का सापडत नाही, आणि माझा मुलगा दर वेळी "बाबा चर्चला गेलेत" असं का सांगतो. तुला म्हणे वाटलं, माझं काही बरंवाईट झालंय आणि पोरगा तुला धक्का बसू नये म्हणून बातमी हप्त्याहप्त्याने सोडतोय. तसं काही नाही, अक्का. मी ठणठणीत आहे आणि खरोखरच चर्चला जातो. प्रार्थनेला जातो असं म्हणालो तर तू विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून खरं ते सांगतो. गोधड्या करायला जातो. आता चहा घेऊन बस, कारण हे लांबणार आहे.

सुरुवात दुकानापासून करावी लागेल. केस कापण्याचं आपलं दुकान आता मुलाचं झालं. भिंतभर आरसे आलेत, खुर्च्या बटणावर वरखाली होतात, आणि गिऱ्हाइकं आधी वेळ ठरवून येतात, डॉक्टरकडे जातात तशी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही गिऱ्हाइकं कानात गाण्यांची बोंडं खुपसून बसतात! परवापरवापर्यंत माणूस दुकानात केस कापायला यायचा हे निमित्त होतं, खरा यायचा तो गप्पा मारायला. मी एका तरुणाला आमच्या गल्लीतल्या चोरीची हकिकत अगदी रंगवून सांगितली, चोर कोण ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही, आणि मग टाळीसाठी हात पुढे केला तेव्हा त्याने कानातलं बोंड काढून "किती झाले?" असं विचारलं. त्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही आता आराम करा." आराम हा शब्द ऐकायला गोड आहे, अक्का. करून बघ म्हणजे कळेल. सकाळचा चहा झाला की थेट रात्रच उरते.

अशात एकदा सूनबाईने दुकानातली जुनी कापडं (गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधतो ती) पिशवीत भरून दिली आणि म्हणाली, "मामंजी, एवढी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये देऊन या, तिथे गरजू लोकांसाठी गोधड्या शिवतात." मी गेलो. लांबट हॉल, खिडकीखाली ओळीने शिलाईयंत्रं (त्यातलं एक प्रत्येक टाक्याला मांजराची शेपटी चिमटल्यासारखं ओरडतं), झाकण उघडत नसलेला एक पियानो आणि त्यावर कापडाचे ढीग, आणि मधोमध हे एवढं मोठं टेबल. टेबलाशी एक बाई कात्रीने कापड कापत होत्या. कापत कसल्या, कापडाची मनधरणी करत होत्या. मला ते बघवेना. खिशातली कात्री काढली (ती अजून माझ्या खिशात असते, मुलाने दुकान घेतलं, खिसा नाही घेतला), आणि एका दमात ते कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्रकन कापून दिलं. यंत्रं थांबली. सगळ्या बायका बघत राहिल्या. कोणीतरी चक्क "वा!" म्हणालं. अक्का, मला 'वा' ऐकून किती काळ लोटला होता! मी पिशवी ठेवली, कोट काढला आणि तिथलाच झालो.

या मंडळाचं नाव 'ऊब मंडळ'. त्याच्या प्रमुख म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. या बाई निवृत्त झाल्या हे त्यांना अजून कुणी कळवलेलं नसावं. त्या हॉलमध्ये आल्या की खुद्द चर्चचे पाळकसाहेब हात वर करून बोलतात. मला त्या पहिल्या दिवसापासून 'केशकर्तनकार' म्हणतात, एकही अक्षर न गाळता. हेकट बाई आहेत. टाका इथेच का, कडेच्या पट्टीचा गोट एवढाच रुंद का, असं विचारलं की "कारण तो तसा असतो" हे उत्तर. त्यांच्या हाताखाली एक नर्सबाई आहेत, त्याही निवृत्त, पण स्वभावाने हसऱ्या, बोलायला मोकळ्या, माझ्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकणाऱ्या. बाकीच्या सात-आठ जणी येऊन-जाऊन. आणि पाळकसाहेब म्हणजे इतका भिडस्त माणूस, की तयार झालेल्या गोधड्या ठेवायला जागा नाही म्हटल्यावर त्यांनी आपली खोली देऊन टाकली. आता ते रविवारचं प्रवचन दारात स्टूल टाकून मांडीवर लिहितात.

मला काम मिळालं ते शेवटच्या कापाचं. म्हणजे असं, की वरचे तुकडे जोडून झाले, अस्तर लागलं, मधला थर घालून धावदोरा मारला, की गोधडीच्या कडा वेड्यावाकड्या होतात. त्या सरळ कापायच्या आणि मग त्यावर कडेने गोट चढवायचा. बाईंनी मला पट्टी आणि खडू दिला. मी हसून बाजूला ठेवला. आयुष्यभर नुसत्या नजरेवर माणसांचे कल्ले सारखे केले, मला पट्टी कशाला? (दाजींच्या मिशीचा विषय मी मुद्दामच काढत नाही.) सगळं झकास चाललं होतं. कापून जी कातरणं पडायची ती एका पोत्यात जायची आणि त्यांच्या उशा भरल्या जायच्या. या उशांचं फार कौतुक व्हायचं. पूर्वी म्हणे उशा चपट्या असायच्या, मी आल्यापासून एकदम गुबगुबीत झाल्या. नर्सबाई म्हणायच्या, "भाऊ, तुमच्या हाताला यश आहे." मी लाजून कात्री पुसायचो.

मग एका सकाळी दार उघडलं आणि दारातून आधी एक कंबर आत आली, मग वाकलेली पाठ, आणि शेवटी डोकं. इतका उंच माणूस मी आजवर पाहिलेला नाही. धंद्याने रंगारी. छताला रंग द्यायला याला शिडी लागत नाही, त्यामुळे शिडीवाले याच्यावर खार खाऊन असतात. सध्या काम नव्हतं म्हणून बस स्टँडमागच्या निवाऱ्यात राहत होता. आमच्या गोधड्या जातात त्या तिथेच. त्याच्या हातात आमचीच एक गोधडी होती, नीट घडी घातलेली.

तो म्हणाला, "बाई, गोधडी फार सुंदर आहे. तक्रार अशी नाही. एक अडचण आहे."

"कोणती?" बाईंनी चष्मा खाली घेतला.

"पाय झाकले की छाती उघडी पडते, छाती झाकली की पाय. झोप लागत नाही. रात्रभर नुसत्या वाटाघाटी चालतात."

 इतक्या काळात आमच्याकडे आभाराच्या चिठ्ठ्या आल्या होत्या, अडचण घेऊन कुणी आलं नव्हतं. बाईंच्या ओठांवर ती अंथरुणाची आणि पायांची म्हण आलेली मला स्पष्ट दिसली. पण नर्सबाईंनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला आणि ती म्हण तिथेच विरली. "आमच्या गोधड्या ठरलेल्या मापाच्या असतात," एवढंच बाई म्हणाल्या, पण कान लाल झाले होते. रंगारीही लाल झाला. त्याने हळूच गोधडी परत काखेत मारली आणि म्हणाला, "नाही, मग माझीच लांबी चुकली असेल," आणि दाराकडे वळला. अक्का, तो हे टोमणा म्हणून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो मनापासून म्हणाला. इतका उंच माणूस इतका लहान होताना बघवत नाही.

नर्सबाईंनी त्याला दारात गाठलं. "कुठे निघालात? झोपा पाहू टेबलावर." दवाखान्यातला आवाज तो, माणूस निमूट झोपला. टेबल संपलं तरी तो संपेना. पोटऱ्यांपासून पुढचा भाग चहाच्या ट्रेवर अधांतरी होता. नर्सबाईंनी गोधडी घातली आणि टेप लावली. मग त्यांनी टेप पुन्हा लावली. मग म्हणाल्या, "बाई, हा माणूस लांब आहे हे खरं. पण गोधडीही ठरलेल्या मापापेक्षा हातभर आखूड आहे."

"शक्य नाही," बाई म्हणाल्या. "पाळकसाहेब, आतून दुसरी आणा."

पाळकसाहेबांनी ढिगाच्या तळातून एक जुनी उपसून आणली. ती बरोबर मापाची. बाईंचा चेहरा उजळला. मग मधली आणली. ती वीतभर आखूड. वरची, म्हणजे परवा झालेली, आणली तर ती जवळजवळ चौरस. गोधडी जितकी नवी तितकी तोकडी. "धुतल्यावर आटतात का?" कुणीतरी विचारलं. "धुतलीय कोणी?" दुसरीने उलट विचारलं. टेबलावरून रंगाऱ्याने अदबीने विचारलं, "मी उठू का?" आणि बाई म्हणाल्या, "पडून राहा." त्या विचार करत होत्या. शाळेत खिडकीची काच फुटल्यावर मुख्याध्यापिका वर्गभर नजर फिरवते ना, तशी त्यांची नजर हॉलभर फिरली. शिलाईयंत्रं, टोपल्या, पियानो, आणि कोपऱ्यातल्या त्या गुबगुबीत उशा. तिथे ती थांबली. मग त्यांनी एक उशी उचलली, हातात तोलली, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "केशकर्तनकार, जरा इकडे या."

अक्का, आता माझी बाजूही ऐक. डावा कल्ला जरा खाली वाटला की तो वर घ्यायचा. मग उजवा खाली दिसतो. तो वर घेतला की डावा पुन्हा खाली. हा धंद्यातला नित्याचा प्रकार आहे आणि केस पुन्हा वाढतात म्हणून आजवर कुणाचं काही बिघडलं नाही. गोधडी वाढत नाही ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. ही कड जरा तिरकी दिसायची, मी सारखी करायचो. मग समोरची तिरकी दिसायची. आणि आता माझ्या नजरेचा सगळा प्रताप त्या उशांमध्ये ठासून भरलेला, सगळ्यांसमोर. बाईंनी हात पुढे केला. मी कात्री दिली. त्यांनी ती पर्समध्ये टाकून पर्सची कळ लावली. त्या कळीचा 'टक्' असा आवाज झाला तो अजून कानात आहे. मला शिक्षा म्हणून सुयांत दोरा ओवायचं काम दिलं. माझ्या डोळ्यांना सुईच दिसत नाही, तर तिचं नाक कुठून दिसणार? मी दोरा चाटून चाटून घसा कोरडा करायचो आणि नर्सबाई माझी नजर चुकवून माझ्याच सुया ओवून ठेवायच्या. घरी मी काही बोललो नाही. सूनबाईने विचारलं, "मामंजी, जेवत का नाही?" तर दाढ दुखते म्हणालो. कात्री गेली की आपल्याकडे उरतं काय, असं वाटायला लागलं होतं. सोडूनच द्यावं म्हणून एक दिवस घरी राहिलो. पण दुपारी आरामाने पुन्हा गाठलं, आणि दुसऱ्या दिवशी सुया ओवायला मुकाट हजर झालो.

मंडळाने ठरवलं, की निवाऱ्यातल्या सगळ्या आखूड गोधड्या परत आणायच्या आणि त्या बदल्यात पुऱ्या मापाच्या द्यायच्या. बायका जिद्दीला पेटल्या. ते ओरडणारं यंत्र ओरडून ओरडून गप्प झालं. रंगाऱ्यासाठी खास लांब गोधडी झाली, ती शिवताना दोन टेबलं जोडावी लागली. सगळं तयार झाल्यावर पाळकसाहेबांनी कुणाची तरी गाडी मागून आणली आणि आम्ही निघालो. बाई पुढे बसल्या. मी मागे, गोधड्यांमध्ये. (गाडीत एवढी ऊब होती की मला पहिल्याच वळणावर डुलकी लागली.)

निवारा म्हणजे एक मोठी खोली, ओळीने खाटा, प्रत्येक खाटेखाली एकेक पेटी किंवा बोचकं, आणि एका बाजूला चहाची किटली. बाईंनी मधोमध उभं राहून छोटंसं भाषण केलं. आमच्या हातून चूक झाली, आपण आपापली आखूड गोधडी आणून द्यावी आणि मोठी घ्यावी. टाळ्या पडतील अशी अपेक्षा होती. कुणी जागचं हललं नाही. पहिल्याच खाटेवर छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एक आजी बसल्या होत्या, गोधडी खांद्यावरून लपेटून, हातात उघडी छत्री.

"ही नाही द्यायची मी," त्या म्हणाल्या.

"आजी, ही मोठी आहे. जास्त ऊब."

"मोठी घेऊन काय करू? ही पांघरून दिवसभर बसते, काम करते. जमिनीवर लोळत नाही, मळत नाही. तुमची ती पायात आली तर मी पडेन, मग तुम्ही याल का उचलायला?"

बाईंना 'नाही' ऐकायची सवय नाही. त्यांनी प्रेमाने गोधडीचं एक टोक धरलं. आजींनी दुसरं धरलं, छत्री खाली न ठेवता. थोडा वेळ दोघींमध्ये ओढाताण झाली. (शिवण एवढीही उसवली नाही, हे आमच्या मंडळाच्या बाजूने नमूद करतो.) मग चाकांच्या खुर्चीवरचा एक माणूस म्हणाला, लांब पांघरूण चाकात अडकतं, माझी मी देणार नाही. एका आईने सांगितलं की बाळाला ही नेमकी पुरते, दोन वेळा गुंडाळून. एकाने तर आपली आखूड गोधडी चक्क कोटाच्या आत घातली होती आणि बटणं लावून आमच्याकडे संशयाने बघत होता. जो तो आपापली गोधडी छातीशी धरून बसला, जणू आम्ही वाटायला नाही, लुटायला आलोय. शेवटी बाईंनी आजींचं टोक सोडलं. काही जणांनी मोठ्या घेतल्या, पण आखूड कुणी सोडली नाही.

आखूड परत देऊन लांब घेतली ती एका रंगाऱ्यानेच. बाई म्हणाल्या, "झोपून दाखवा." तो खाटेवर आडवा झाला, नर्सबाईंनी गोधडी पसरली. हनुवटीपासून निघाली आणि पायांवरून पार पलीकडे खाली लोंबली. तो छताकडे बघत राहिला. फक्त गोधडीच्या त्या टोकाला आतल्या आत बोटं हलताना दिसली, आधी उजव्या पायाची, मग डाव्याची, जणू दोघं एकमेकांना सांगत होते. मी बाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या. बराच वेळ पुसत होत्या.

परत येताना बाई पुढे न बसता मागे माझ्या समोर बसल्या. वाटेत पर्स उघडली, कात्री काढून माझ्या हातात ठेवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "केशकर्तनकार, त्या आखूड गोधड्या पुन्हा करता येतील का? तशाच?" मी म्हटलं, त्यात काय! पण अक्का, गंमत बघ. मुद्दाम करायला गेलो तर जमेना. एक लांब होते, दुसरी त्रिकोणी. शेवटी बाई रोज टेबलाच्या त्या बाजूला पट्टी धरून उभ्या राहतात, खडूने रेघ मारतात, आणि मी रेघेवर कापतो. माझ्या गोष्टीही ऐकतात. परवा ती चोरीची हकिकत सांगितली तर चोर कोण हे त्यांनी अर्ध्यातच ओळखलं आणि वर मलाच विचारलं, "पण त्याने खिडकी उघडी का ठेवली?" हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी अजून उत्तर शोधतोय.

असं सगळं आहे. उशा मात्र पुन्हा चपट्या झाल्यात, त्याचं जरा वाईट वाटतं. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला शेक.

तुझा, वय झालं तरी धाकटाच राहिलेला,
धाकटा

ता. क. पत्र सहज लिहिलं. काही काम नाही.

दुसरा ता. क. एक काम आहे. तू आणि दाजी पुढच्या महिन्यात चार दिवस इकडे येऊ शकाल का? माझ्या बाजूने बोलायला घरातलं मोठं माणूस हवं. नर्सबाईंचं नाव तुझ्या मनात आलं असेल तर खोडून टाक, त्यांचे यजमान चांगले धडधाकट आहेत आणि रोज त्यांना न्यायला येतात. मी बाईंबद्दल म्हणतोय, त्याही माझ्यासारख्याच एकट्या आहेत. मुलाच्या कानावर घातलं, तर तो हसून म्हणाला, "बाबा, वेळ ठरवून घेतलीत का?" सूनबाईने त्याला दटावलं आणि मला नवा शर्ट आणून दिला. फक्त एकच अडचण आहे. बाईंना मी अजून विचारलेलं नाही. दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यांनी "सरळ कापा" म्हटलं. आता असं ठरवलंय की हे पत्र शुद्धलेखन तपासायला म्हणून त्यांच्याकडे द्यायचं आणि पळून यायचं. त्यांच्याबद्दल वर काय काय लिहिलंय ते आता आठवत नाही, पण पुन्हा वाचायला धीर होत नाही.

तिसरा ता. क. (हस्ताक्षर वेगळे आहे, क्षमस्व.) आदरणीय अक्का, सादर नमस्कार. वरील पत्र तपासले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत, मजकुरात ढवळाढवळ केलेली नाही. 'हेकट' हा शब्द तसाच ठेवला आहे, कारण तो अचूक लिहिला आहे. आपण दोघांनी जरूर यावे, मुक्काम माझ्याकडे करावा, जिना नाही, गुडघ्याला त्रास होणार नाही. दुसऱ्या ता. क.मधील विषयाबद्दल माझे उत्तर तयार आहे, परंतु प्रश्न तोंडी विचारला जाईपर्यंत मी ते देणार नाही. आपले बंधू पळून गेलेले नाहीत. नवा शर्ट घालून माझ्या दाराबाहेर उभे आहेत आणि मघापासून पायपुसण्यावर पाय पुसत आहेत. इतके पुसण्याजोगे काही नाही, बाहेर कोरडे आहे. दार उघडते.